प्रमाण की तर्क? लेसर-मापनाच्या संगणकीय परीक्षेविषयी

एखादे ज्ञान खरे आहे हे ज्या साधनाने ठरते, ते साधन स्वतः विश्वासार्ह आहे हे कशाच्या आधारे ठरवावे, हा भारतीय दर्शनांतील सर्वांत जुन्या आणि सर्वांत चिवट प्रश्नांपैकी एक होय. नैयायिक, मीमांसक आणि बौद्ध आचार्य यांनी या प्रश्नावर हजार वर्षांहून अधिक काळ वाद घातला, आणि त्या वादातून जी परिभाषा सिद्ध झाली ती आजही कामाची आहे: यथार्थ ज्ञानाचे साधन ते प्रमाण, त्या साधनाने जे जाणले जाते ते प्रमेय, आणि ज्ञानाचा खरेपणा ते प्रामाण्य. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ आणि आठल्ये व बोडस यांनी सिद्ध केलेली ‘तर्कसंग्रहा’ची आवृत्ती यांच्यामुळे ही परिभाषा महाराष्ट्रातल्या अभ्यासकांच्या हाताशी राहिली. मात्र प्रश्न ग्रंथांपुरता उरलेला नाही. लेसरच्या किरणाने वस्तूचा त्रिमितीय आकार मोजला जातो, त्या मोजणीवर किती भरवसा ठेवावा हे संगणकात रचलेल्या कृत्रिम मोजणीवरून, म्हणजे सिम्युलेशनवरून, ठरवले जाते, आणि त्या आकड्याच्या बळावर वस्तू स्वीकारावी की नाकारावी याचा निर्णय होतो. अशा वेळी प्रामाण्याचा प्रश्न कारखान्याच्या तपासणी-कक्षात रोज उभा राहतो, मग त्याला तेथे त्या नावाने कोणी ओळखो वा न ओळखो.

हा विचार तळेगाव दाभाड्याच्या संदर्भात करण्यास कारण आहे. सेनापती दाभाड्यांच्या या गावात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेला स्वदेशीच्या काळातील हा उद्योग. फुंकून घडवायच्या काचेची जाडी किती, ती सगळीकडे सारखी आहे की नाही, हे ज्ञान त्या काळी कारागिराच्या नजरेत, हातात आणि श्वासात असे. शंभर वर्षांनी, 2008 साली, याच परिसरात जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. डिसेंबर 2020 मध्ये तेथील उत्पादन थांबले आणि 2023 साली तो घेण्याचा करार ह्युंदाईने केला. तळेगावहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि पुढे पिंपरी-चिंचवडपर्यंत जो औद्योगिक पट्टा पसरला आहे, त्यात मोटारीचे सुटे भाग करणारे लहानमोठे असंख्य कारखाने आहेत. एका कारखान्यात दाबलेला पत्रा दुसऱ्या कारखान्यात वेल्डिंग होऊन तिसऱ्या कारखान्यातल्या गाडीवर बसायचा असतो, आणि या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे मापाचा आकडा. कारागिराची नजर एका गावातून दुसऱ्या गावात पाठवता येत नाही. आकडा पाठवता येतो. म्हणूनच आकड्यावरचा विश्वास ही येथे तात्त्विक चैन राहत नाही.

लेसरची मोजणी कशी चालते हे थोडे तपशिलाने पाहिल्याशिवाय पुढचा विचार पोकळ ठरेल. कारखान्याच्या भाषेत मोजायच्या वस्तूला ‘जॉब’ म्हणतात. लेसर स्कॅनर जॉबवर प्रकाशाची एक बारीक रेघ टाकतो आणि त्यापासून काही अंतरावर, तिरक्या कोनात बसवलेला कॅमेरा ती रेघ पाहतो. जॉबचा पृष्ठभाग वरखाली असेल तसतशी कॅमेऱ्याच्या चित्रात रेघ सरकते, आणि ती किती सरकली यावरून त्रिकोणाच्या गणिताने प्रत्येक बिंदूचे अंतर काढले जाते. लेसर आणि कॅमेरा यांच्यातले अंतर 100 मिलिमीटर, जॉब 300 मिलिमीटरवर, भिंगाचे नाभीय अंतर 16 मिलिमीटर आणि चित्रातली रेघेची जागा ओळखण्यातली चूक अर्ध्या मायक्रॉनची धरली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर अंतरातली चूक सुमारे 28 मायक्रॉन येते. जॉब दुप्पट दूर, म्हणजे 600 मिलिमीटरवर नेला, की तीच चूक चौपट होऊन 112 मायक्रॉनांवर जाते, कारण ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अशा लाखो बिंदूंचा पुंजका संगणकाच्या पडद्यावर जॉबचा आकार धारण करतो, त्याची तुलना मूळ आराखड्याशी होते, आणि जेथे आकार जुळतो तेथे हिरवा, जेथे फुगतो तेथे लाल, जेथे खचतो तेथे निळा रंग उमटतो.

पडद्यावरचा हा रंगीत आकार पाहणाऱ्याला वाटते की जॉबचा दोष त्याला डोळ्यांनी दिसला. न्यायदर्शनाच्या कसोटीवर हे टिकत नाही. इंद्रिय आणि विषय यांच्या संबंधातून थेट उपजणारे ज्ञान ते प्रत्यक्ष. येथे डोळ्याचा संबंध पडद्याशी आहे, जॉबशी नाही. कॅमेऱ्यातल्या रेघेच्या जागेवरून पृष्ठभागाच्या उंचीकडे जाणे हे चिन्हावरून चिन्हिताकडे जाणे आहे, धुरावरून अग्नीकडे जाण्यासारखे, आणि म्हणून लेसरचे प्रत्येक माप हे अनुमान आहे. अनुमान असण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र अनुमान व्याप्तीवर उभे असते. जेथे चिन्ह तेथे चिन्हित असलेच पाहिजे, हा अव्यभिचारी संबंध म्हणजे व्याप्ती. नव्य नैयायिकांनी या व्याप्तीला ग्रासणाऱ्या एका दोषाची अतिशय बारकाईने चर्चा केली, तो दोष म्हणजे उपाधी, अर्थात लपून राहिलेली अट. जेथे अग्नी तेथे धूर, असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते, आणि ती अट बोलणाऱ्याने गृहीत धरली पण सांगितली नाही. लेसर-मापनातील बहुतेक सर्व चुका अशाच न सांगितलेल्या अटींतून येतात, हे या निबंधाचे एक मुख्य प्रतिपादन आहे.

त्या अटी कोणत्या, हे मावळातल्या, म्हणजे तळेगावच्या परिसरातल्या, परिस्थितीतच पाहावे. लांबीची जगन्मान्य मोजणी 20 अंश सेल्सिअस तापमानाला धरली जाते. हे संदर्भ-तापमान 1931 पासून ठरलेले आहे. एक मीटर लांबीचे पोलाद तापमान एका अंशाने वाढले की सुमारे 11.5 मायक्रॉनांनी वाढते, अॅल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट. वातानुकूलित कक्षात आणण्यापूर्वी शॉप फ्लोअरवर, म्हणजे यंत्रे चालतात त्या मोकळ्या दालनात, 28 अंशांवर मोजलेला एक मीटरचा पोलादी भाग 92 मायक्रॉनांनी लांब भरतो, आणि त्यात भागाचा दोष काही नसतो. दुसरी अट हवेची. वेल्डिंगच्या रांगेतली फिक्स्चर्स, म्हणजे जॉब जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटी, जुळवण्यासाठी लेसर ट्रॅकर वापरतात. तो आरशावरून परत येणाऱ्या किरणाने कित्येक मीटरांचे अंतर मोजतो, आणि किरणाचा वेग हवेच्या दाटपणावर अवलंबून असतो. तळेगाव समुद्रसपाटीपासून 600 मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे 70 हेक्टोपास्कलांनी कमी असतो, आणि दर हेक्टोपास्कलामागे मापात प्रतिमीटर सुमारे 0.27 मायक्रॉनचा फरक पडतो. यंत्राला मुंबईची हवा गृहीत धरायला लावून तळेगावात 10 मीटर मोजले, तर माप जवळजवळ 0.19 मिलिमीटरने कमी येईल. प्रत्यक्षात यंत्रासोबत दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणारे संवेदक असतात आणि ते ही दुरुस्ती आपोआप करतात. पण याचा अर्थ एवढाच की अंतराच्या मापाचे प्रामाण्य आता दाबाच्या मापाच्या प्रामाण्यावर टेकले.

तिसरी अट पृष्ठभागाची, आणि ती सर्वांत अवघड. नुकताच दाबलेला पत्रा किंवा यंत्रावर घासून गुळगुळीत केलेला भाग चकाकतो. रेघ त्यावरून एकदा परावर्तित होऊन शेजारच्या भिंतीवर पडते, तेथून पुन्हा कॅमेऱ्यात शिरते, आणि जेथे काहीच नाही तेथे पृष्ठभाग असल्याचा आकडा तयार होतो. रज्जूवर सर्प दिसावा तशीच ही भ्रांती असून तिची जात दर्शनकारांना पूर्ण परिचित होती. म्हणून चकाकणाऱ्या जॉबवर पांढऱ्या भुकटीचा फवारा मारून मग स्कॅन करतात, आणि त्या भुकटीच्या थराची स्वतःची जाडी पुन्हा मापात मिसळते. याखेरीज एक मर्यादा अशी आहे की ती कोणाच्याही निष्काळजीपणाची नाही. खडबडीत पृष्ठभागावर लेसर पडला की प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळून काळे-उजळ ठिपके उमटतात, ज्यांना स्पेकल म्हणतात. या ठिपक्यांमुळे रेघेचा मध्य ठरवण्यात जी अनिश्चितता राहते ती कॅमेरा कितीही चांगला घेतला तरी हटत नाही, हे 1994 साली जर्मनीतल्या एर्लांगेन येथील संशोधकांनी सिद्ध करून दाखवले. मोजणाऱ्याचे अज्ञान वेगळे आणि मोजणीच्या स्वभावातच असलेली सीमा वेगळी, हा भेद तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मोलाचा आहे. तो विसरला की माणूस एक तर वृथा स्वतःला दोष देतो किंवा दोष असूनही निसर्गावर ढकलतो.

इतक्या अटी, त्यांतली प्रत्येक दुसरीशी गुंतलेली, आणि प्रत्येकीचा मापावर होणारा परिणाम सरळ सूत्रात न बसणारा. अशा वेळी मापाची अनिश्चितता काढायची कशी? येथे सिम्युलेशन येते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या लॉस अलामोस येथे स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी जी पद्धत पुढे आणली आणि जुगाराच्या अड्ड्यावरून जिला माँटे कार्लो हे नाव पडले, तीच येथे वापरली जाते. संगणकात एक काल्पनिक जॉब रचायचा, ज्याची प्रत्येक मिती तंतोतंत ठाऊक आहे. एक काल्पनिक लेसर आणि एक काल्पनिक कॅमेरा रचायचा. मग तापमान, हवेचा दाब, भिंगाची विकृती, स्पेकल, कोन, या प्रत्येक कारणाची चूक तिच्या संभाव्य मर्यादेत यदृच्छेने निवडून मोजणी करायची, आणि हे पुन्हा पुन्हा, बहुधा दहा लाख वेळा करायचे. निघालेल्या दहा लाख उत्तरांचा पसारा किती, त्यावरून प्रत्यक्ष यंत्राच्या मापातली अनिश्चितता ठरते. मापनविषयक आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त समितीने 2008 साली या पद्धतीला अधिकृत मार्गदर्शिकेत स्थान दिले, आणि त्याच वर्षी स्पर्शाने बिंदू टिपणाऱ्या त्रिमितीय मापनयंत्रांच्या, म्हणजे कारखान्यात सीएमएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत, सिम्युलेशनने अनिश्चितता काढण्यासाठी आयएसओचा स्वतंत्र दस्तऐवज निघाला. जर्मनीची राष्ट्रीय मापनसंस्था त्याआधीपासूनच ‘आभासी सीएमएम’ घडवत होती. लेसरच्या यंत्रांसाठी हीच वाट आता अधिकाधिक चोखाळली जाते.

या कृत्रिम जगाचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य असे की त्यात सत्य ठाऊक असते. प्रत्यक्ष जगात जॉबची खरी मिती कोणालाही कधीच ठाऊक नसते. तिच्याविषयी जे काही कळते ते कोणत्या तरी मापातूनच कळते, आणि म्हणून आधुनिक मापनशास्त्राने ‘चूक’ या कल्पनेऐवजी ‘अनिश्चितता’ ही कल्पना मध्यवर्ती मानली, कारण चूक सांगायची तर खरे मूल्य हाती असावे लागते. सिम्युलेशनमध्ये ते हाती असते, कारण ते रचणाऱ्यानेच ठरवलेले असते. न्यायदर्शनात ईश्वराचे ज्ञान नित्य आणि कोणत्याही प्रमाणावर न विसंबणारे मानले आहे. जीवाचे ज्ञान उपजते, चुकते, दुरुस्त होते. सिम्युलेशन रचणारा आपल्या लहानशा जगापुरता ईश्वराच्या जागी बसलेला असतो, त्या जगातल्या प्रत्येक चुकीचा तोच कर्ता असल्याने त्याला ती ठाऊक असते, आणि या आसनावरून उतरून कारखान्यात परतताना आपण पुन्हा जीव आहोत याचे भान ठेवणे त्याला वाटते त्याहून कठीण जाते. संगणकाने सांगितलेली अनिश्चितता ही त्या काल्पनिक जगाची आहे. ती या जगाला लागू पडते की नाही, हे ते काल्पनिक जग सांगू शकत नाही.

मग सिम्युलेशन हे प्रमाण आहे काय? येथे नैयायिकांच्या एका सूक्ष्म विवेकाचा उपयोग होतो. त्यांनी सोळा पदार्थांच्या आपल्या यादीत प्रमाणापासून वेगळा असा ‘तर्क’ सांगितला. अग्नी नसता तर धूरही नसता, असे खोटे मानून चालणे आणि त्यातून काय अनिष्ट ओढवते हे पाहणे, याला ते तर्क म्हणतात. जाणूनबुजून, खोटे असल्याचे माहीत असताना केलेल्या अशा आरोपाला त्यांनी ‘आहार्य’ असे नाव दिले. अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त तर्काला अयथार्थ अनुभवाच्या तीन प्रकारांत, संशय आणि विपर्यय यांच्या शेजारी, बसवले आहे. पहिल्या वाचनात हे खटकते, कारण इतक्या उपयुक्त गोष्टीला भ्रमाच्या पंक्तीत का बसवावे? पण विचार केला तर यातला प्रामाणिकपणा मनात भरतो. तर्क स्वतः वस्तूचे ज्ञान देत नाही. तो प्रमाणाचा अनुग्राहक, म्हणजे साहाय्यक असतो, प्रमाणाच्या वाटेतल्या शंका दूर सारतो. सिम्युलेशनचे स्थान नेमके हेच आहे. ‘चूक एवढी असती, तर पसारा एवढा असता’ हे त्याचे संपूर्ण म्हणणे आहे, आणि यातला पहिला भाग खरा आहे की नाही हे त्याच्या कक्षेबाहेर आहे. त्याला प्रमाण मानणे हा एक प्रमाद, आणि ते कल्पित आहे म्हणून त्याला तुच्छ लेखणे हा दुसरा; कारण इतक्या गुंतलेल्या अटींमध्ये कोणती अट किती जड आहे हे तर्कावाचून कोणत्याही प्रयोगाला परवडण्याजोग्या खर्चात सांगता येणार नाही. एकेक अट बदलून दहा लाख जॉब मोजणे कोणत्याही कारखान्याला शक्य नाही.

सिम्युलेशन रचणाऱ्याने यादीत घातलेली कारणेच पसाऱ्यात दिसतात, हे येथे निर्णायक आहे. चकाकीमुळे होणारे दुहेरी परावर्तन यादीत नसेल, तर दहा लाखच काय, दहा कोटी वेळा मोजूनही ते दिसणार नाही; आवृत्त्या वाढवल्याने यादृच्छिक पसारा अधिक नेमका कळतो, उपाधी मात्र उघडी पडत नाही. संख्येच्या मोठेपणाने येणारा विश्वास येथे फसवा आहे. सीएमएमच्या दस्तऐवजात याची जाण दिसते. अनिश्चितता काढणाऱ्या संगणक-प्रणालीने कोणती कारणे हिशेबात धरली आणि कोणती धरली नाहीत हे जाहीर करावे, आणि आधीच कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे ज्यांची मिती वरच्या प्रयोगशाळेत पडताळली आहे अशा प्रत्यक्ष वस्तू मोजून त्या प्रणालीची परीक्षा घ्यावी, असे तेथे अपेक्षित आहे. तर्काला पुन्हा प्रत्यक्ष वस्तूसमोर उभे करण्याचा हा मार्ग आहे.

यावर बौद्ध आचार्य नागार्जुनाची जुनी शंका पुन्हा उभी राहते. ‘विग्रहव्यावर्तनी’त त्याने विचारले की प्रमेये प्रमाणांनी सिद्ध होत असतील तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात, दुसऱ्या प्रमाणांनी म्हणावे तर अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी मालिका, स्वतःच म्हणावे तर प्रमेयांनीही स्वतः सिद्ध व्हायला काय हरकत होती. स्कॅनर मोजणारा मास्टर, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला कॅलिब्रेट केलेला नमुना, मोजायचा कशाने? त्याला मोजणारी प्रयोगशाळा कोण तपासणार? तळेगावातल्या तपासणी-कक्षापासून ही साखळी एनएबीएल या राष्ट्रीय मान्यता-मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेकडे, तेथून नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आणि पुढे मीटरच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येपर्यंत जाते. 1983 पासून ती व्याख्या अशी की निर्वातात प्रकाश एका सेकंदाच्या 299792458 व्या भागात जितके अंतर कापतो ते एक मीटर. येथे साखळी संपते, आणि ती अधिक अचूक मापावर संपत नाही. सर्वांनी मिळून केलेल्या निर्णयावर संपते. प्रकाशाच्या वेगाचा तो आकडा आता मोजला जात नाही, मान्य केला जातो. प्रकाशाने मोजायचे आणि मापही प्रकाशानेच ठरवायचे, यात अन्योन्याश्रयाचा, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींच्या आधारावर लोंबकळत राहण्याचा, दोष आहे काय? वरवर पाहता वाटतो. पण व्याख्या प्रकाशाच्या निर्वातातल्या वेगाविषयी आहे आणि कारखान्यातला किरण हवेतून, भिंगातून, चकाकत्या पत्र्यावरून जातो. या दोहोंमधले अंतर भरून काढण्याची सगळी मेहनत मापनशास्त्राला स्वतंत्रपणे करावीच लागते, आणि ती मेहनत चुकू शकते. जे चुकू शकते ते चक्राकार नसते.

नागार्जुनाला न्यायपरंपरेने जे उत्तर दिले, त्यातला दृष्टान्त तराजूचा आहे, हे मापनाच्या अभ्यासकाला विशेष वाटेल. न्यायसूत्रांत आणि त्यांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात म्हटले आहे की तराजू सोने तोलतो तेव्हा तो प्रमाण असतो, आणि ज्ञात वजनाच्या सोन्याने तोच तराजू तपासला जातो तेव्हा तो प्रमेय असतो. एकच वस्तू प्रसंगानुसार दोन्ही होऊ शकते. या उत्तराचे बळ अनेकदा नीट ओळखले जात नाही. ते नागार्जुनाच्या मागणीप्रमाणे सर्व प्रमाणांचे अंतिम अधिष्ठान दाखवत नाही. कोणतेही प्रमाण तपासणीच्या वर नाही, आणि तपासणीच्या वर नसणे हाच त्याच्या विश्वासार्हतेचा आधार आहे, असे ते सुचवते. वात्स्यायनाने याच भाष्याच्या आरंभी आणखी एक कसोटी दिली, ती प्रवृत्तीच्या साफल्याची: ज्ञानाप्रमाणे वागल्यावर कार्य सिद्धीस गेले तर ते ज्ञान प्रमाणभूत. दार गाडीवर नीट बसले, फट चारही बाजूंनी सारखी आली, म्हणजे माप बरोबर. कारखान्यात ही कसोटी मोठ्या आदराने वापरली जाते आणि ते योग्यच आहे, तरी ती एकटी पुरेशी नाही, कारण दोन चुका एकमेकींना खोडून काढतात तेव्हाही दार बसते. पत्रा थोडा लांब आणि फिक्स्चर तितकेच सरकलेले असले की काही महिने सगळे सुरळीत चालते, आणि फिक्स्चर दुरुस्त केल्या दिवशी सगळे जॉब बिघडलेले दिसू लागतात.

कुमारिलाच्या मीमांसेने उलट टोक धरले: ज्ञान उपजते तेव्हाच ते प्रमाण असते, आणि बाधक ज्ञान उपजेपर्यंत प्रमाणच राहते. रोजच्या कामात कारखाना मीमांसक असतो. प्रत्येक जॉब मोजताना कोणी स्कॅनरवर संशय घेत बसत नाही. ठरावीक काळाने कॅलिब्रेशन करताना तोच कारखाना नैयायिक होतो आणि प्रामाण्य बाहेरून तपासतो. या दोन वृत्ती परस्परविरोधी म्हणून दर्शनग्रंथांत येतात, पण सुज्ञ व्यवहारात त्या एकमेकींना वेळ वाटून देतात, आणि प्रश्न फक्त इतकाच उरतो की मीमांसकाचा काळ किती लांबवायचा.

तळेगावापासून चाकणच्या वाटेवर भंडारा डोंगर आहे, तुकोबांच्या चिंतनाची जागा, आणि पुढे इंद्रायणीकाठी आळंदी. या भूमीतला वाचक येथे रास्तपणे विचारील की ‘अमृतानुभवा’त ज्ञानदेवांनी प्रमाणांच्या या सगळ्या खटाटोपालाच बाजूला सारले नाही काय? शब्दखंडन आणि अज्ञानखंडन या प्रकरणांत त्यांनी दाखवले की जे स्वतःच प्रकाशरूप आहे त्याला प्रकाशित करायला दुसरे काही लागत नाही, आणि प्रमाणांचा हात तेथे पोहोचतच नाही. हे मान्य करूनही म्हणावे लागते की ते प्रतिपादन आत्मवस्तूविषयी आहे. पत्रा स्वप्रकाश नाही. त्याच्यावर दुसऱ्याचा प्रकाश टाकावा लागतो, तो प्रकाश वळतो, विखुरतो, खोटे सांगतो. म्हणूनच तेथे प्रमाण लागते, प्रमाणाला तर्क लागतो, आणि तर्कावर पुन्हा लक्ष ठेवावे लागते. परमार्थाच्या बाबतीत प्रमाणांची मर्यादा सांगणाऱ्या वचनांचा आधार घेऊन व्यवहारातल्या तपासणीत ढिलाई करणे, हे त्या परंपरेला धरून नाही. तुकोबांचे घराणे वाण्याचे होते, आणि तराजू धरणाऱ्या हातांनीच अभंग लिहिले गेले.

या साऱ्या चर्चेचा शेवट एका कागदावर होतो. कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र किंवा सिम्युलेशनचा अहवाल हे शब्दप्रमाण आहे, आणि शब्दाचे प्रामाण्य न्यायमताने आप्ताच्या गुणांवर उभे असते. ज्याला विषय साक्षात ठाऊक आहे आणि जो तो जसा आहे तसा सांगू इच्छितो, तो आप्त. यातल्या दुसऱ्या अटीची परीक्षा कोठे होते ते आयएसओ 14253 या मानकाच्या पहिल्या भागाच्या 1998 सालच्या आवृत्तीतील निर्णयनियमावरून दिसते. त्या नियमाप्रमाणे माल पुरवणाऱ्याने वस्तू मर्यादेत आहे असे सिद्ध करताना स्वतःच्या मोजणीची अनिश्चितता मर्यादेच्या दोन्ही टोकांतून वजा करायची असे. नाकारणाऱ्याला मात्र ती मर्यादेत मिळवावी लागे. म्हणजे संशयाचा भार प्रत्येकाने आपल्या बाजूने वाहायचा. दोन भोकांमधले अंतर 500 मिलिमीटर आणि सूट दोन्हीकडे 0.2 मिलिमीटर असेल, आणि मोजणीची अनिश्चितता 0.05 मिलिमीटर असेल, तर त्या नियमाने पुरवठादाराला 0.15 मिलिमीटरपर्यंतचाच फरक चालतो. सिम्युलेशनमधून तापमानाचा किंवा चकाकीचा वाटा गाळला आणि अनिश्चितता 0.03 वर आली, तर 0.17 पर्यंतचा फरक चालू लागतो, आणि 500.16 मिलिमीटर भरलेला जॉब पूर्वी थांबला असता तो आता पुढे जातो. यात एकही आकडा खोटा लिहावा लागत नाही, एकही मोजणी बदलावी लागत नाही. फक्त कारणांच्या यादीतून एक ओळ कमी होते, आणि अहवाल वाचणाऱ्या चाकणमधल्या किंवा परदेशातल्या अभियंत्याला ती ओळ कधी होती हे कळण्याचा मार्ग राहत नाही. उपाधी लपवणे आणि उपाधी न कळणे यांत कागदावर फरक दिसत नाही. म्हणून सिम्युलेशनच्या अहवालात निघालेल्या अनिश्चिततेच्या आधी, पहिल्या पानावर, हिशेबात न धरलेल्या कारणांची नावे लिहिली गेली पाहिजेत, आणि ती लिहिण्याचा अधिकार शॉप फ्लोअरवर जॉबला हात लावणाऱ्या, पत्रा तापला आहे की नाही आणि भुकटीचा थर जाड बसला की पातळ हे रोज पाहणाऱ्या तपासनिसाला असला पाहिजे, कारण त्या अटी प्रत्यक्ष जाणणारा या साखळीत बहुधा तोच एक असतो.